मामाच्या गिटारचा गंज : धातुकामाच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४

मालवणहून आलेली गिटार आज टेबलावर घेतली. १९९०च्या दशकात कोरियात बनलेली, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची ही इलेक्ट्रिक गिटार मामाने बारा वर्षे ऑर्केस्ट्रात वाजवली आणि त्यानंतर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरात ती भिंतीवर टांगलेली राहिली. लाकडाला आणि रंगाला फारसे काही झालेले नाही. बिघडले आहे ते सगळे धातूचे काम, आणि म्हणून या नोंदी तेवढ्यापुरत्याच आहेत.

सर्वांत वाईट अवस्था ब्रिजची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या धातूच्या आधाराची आहे. मामाच्या उजव्या तळव्याची कड जिथे टेकत असे, त्या जागी ब्रिजच्या पट्टीवरचा मुलामा पार गेलेला आहे, पण तो एकदम गेलेला नाही. कडेला निळसर झाक असलेले क्रोम, त्याच्या आत पिवळट निकेलचे एक कडे आणि मधोमध तपकिरी खरखरीत लोखंड, असा नकाशातल्या बेटासारखा आकार तिथे उमटला आहे. घामात मीठ असते आणि तो किंचित आम्लधर्मी असतो. त्यात मालवणचा खारा वारा, आणि वाजवून झाल्यावर फडक्याने पुसण्याची सवय मामाला कधीच नव्हती.

तारा एकदम न कापता थोड्या थोड्या सैल करून काढल्या, मागच्या पोकळीतल्या तिन्ही स्प्रिंगा सोडवल्या आणि ब्रिज अख्खा बाहेर काढला. त्याआधी प्रत्येक सॅडलची, म्हणजे ब्रिजवर एकेका तारेला असलेल्या छोट्या टेकूची, उंची व्हर्निअरने मोजून लिहून ठेवली. थर्मोकोलच्या तक्त्यावर गिटारची बाह्यरेषा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी टोचला, कारण दिसायला सारखे असलेले स्क्रू लांबीला सारखे असतातच असे नाही.

सहा सॅडलना उंचीचे दोन दोन, असे बारा बारीक स्क्रू आहेत. त्यांपैकी सात जाम झालेले आहेत. त्यांच्यावर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवले आहे.

१६ जून

जाम स्क्रूंपैकी पाच सुटले. सोल्डरिंग गनचे टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवायचे, तो तापला की पुन्हा तेलाचा थेंब द्यायचा आणि मग १.५ मिलिमीटरच्या ॲलन कीने आधी घट्ट करण्याच्या दिशेने केसभर फिरवायचा, असा क्रम ठेवला. उलट दिशेने थेट जोर लावला की आतला षटकोन झिजतो, हे सहाव्या स्क्रूने मला शिकवले. तो आणि सातवा असे दोन्ही शेवटी बारीक ड्रिलने पोखरून काढावे लागले.

आजचे मुख्य काम म्हणजे कोणता भाग कोणत्या धातूचा आहे हे ठरवणे. वरून सगळे एकाच चकचकीत रंगाचे असल्यामुळे इथेच बहुतेकांची फसगत होते. आधी चुंबक लावून पाहिले. ब्रिजची पट्टी, सहाही सॅडल, मानेमागची चौकोनी पट्टी, वायर खुपसायच्या जागेची होडीच्या आकाराची जॅकप्लेट आणि सगळे स्क्रू चुंबकाला घट्ट चिकटले, म्हणजे ते लोखंडाचे. ट्यूनिंगच्या खुंट्यांची घरे आणि तारांची टोके ज्यात अडकतात तो ब्रिजखालचा ठोकळा यांनी चुंबकाला दाद दिली नाही.

ठोकळा पितळेचा की जस्ताचा, ही शंका होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन १८७ ग्रॅम भरले आणि मोजपात्रातले पाणी त्याने २८ मिलिलिटरने वर चढवले, म्हणजे घनता सुमारे ६.७ आली. पितळेची घनता साडेआठच्या आसपास असते आणि लोखंडाची ७.८५. तेव्हा हे जस्ताचे ओतकाम आहे. जस्तात चारेक टक्के ॲल्युमिनियम घालून केलेला, साच्यात सहज भरणारा आणि स्वस्त पडणारा मिश्रधातू. त्याच्यावर उठलेली पांढरी भुकटी हा जस्ताचाच गंज.

हा फरक नोंदवण्याचे कारण असे की लोखंडाचा गंज काढण्यासाठी जे आम्ल चालते, ते जस्ताला खाऊन टाकते. ‘सगळे सुटे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा’ हा सल्ला देणाऱ्याने बहुधा जस्ताची खुंटी कधी बुडवलेली नसावी.

२२ जून

खात्री करून घेण्यासाठी एका निकामी खुंटीचे घर लिंबूसत्त्वाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्यात टाकून पाहिले. झिजलेल्या कडेवरून लगेच बारीक बुडबुडे सुटू लागले, आणि दोन तासांनी काढले तेव्हा कडा काळपट राखाडी होऊन तिला नखाने ओरखडा पडत होता. प्रयोगासाठी गेलेली खुंटी वाया गेली असे मी म्हणणार नाही.

लोखंडी भागांना आधी भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासले. तीस वर्षांचा घाम, तेल आणि धूळ यांचा थर असताना आम्ल धातूपर्यंत पोहोचतच नाही. मग एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात सॅडल आणि ब्रिजची पट्टी सोडली. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून ब्रश मारत तीन तासांत गंज बहुतेक सुटला.

ट्रेमोलोच्या, म्हणजे दांडी दाबून ब्रिज हलवण्याच्या यंत्राच्या, स्प्रिंगा मात्र मुद्दाम बाहेर ठेवल्या. कडक पोलादावर आम्लाची क्रिया होताना सुटणारा हायड्रोजन धातूत शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो; ताणलेली स्प्रिंग मग एखाद्या दिवशी कोणतीही पूर्वसूचना न देता तुटू शकते. त्यांना नुसते रॉकेलने पुसून बारीक स्टीलवूल मारले. (ज्याला सगळे ट्रेमोलो म्हणतात ते खरे तर स्वराची उंची वरखाली करते, म्हणजे ते व्हायब्रॅटो आहे. लिओ फेंडर यांनी १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर हे यंत्र बसवताना ट्रेमोलो हा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला. मीही तोच वापरते.)

आम्लातून काढलेले भाग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळले, नळाखाली धुतले आणि फडक्यावर मांडून चहा टाकायला गेले. पुण्यात पाऊस लागलेला आहे. चहा घेऊन परत येईपर्यंत सहाही सॅडलवर केशरी रंगाची हलकी साय धरलेली होती. उघडे पडलेले ओले लोखंड दमट हवेत किती घाईने गंजते हे वाचून माहीत होते, पण इतकी घाई अपेक्षित नव्हती. सगळे पुन्हा पाच मिनिटे आम्लात, पुन्हा सोड्यात, आणि या वेळी नळाखालून थेट हेअर ड्रायरखाली. कोरडे होताच मशीन ऑइलचा हात दिला.

२९ जून

जॅकप्लेट आणि मानेमागची पट्टी यांच्यावरचे क्रोम बहुतांशी शाबूत आहे, फक्त गंजाचे ठिपके आलेले आहेत. त्यांना पुन्हा मुलामा देण्याची गरज नाही. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल बोटभर चुरगाळून पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने चोळला. ॲल्युमिनियम क्रोमहून कितीतरी मऊ असल्यामुळे क्रोमवर चरे पडत नाहीत, गंज मात्र निघतो. ठिपक्यांच्या जागी टाचणीच्या अग्राएवढी काळी भोके राहिली, ती राहणारच. नंतर मेण चोळून दोन्ही भाग बाजूला ठेवले.

सॅडल आणि ब्रिजच्या पट्टीचे प्रकरण वेगळे आहे. तिथला मुलामा इतक्या ठिकाणी उचकटला आहे की उरलेला काढून टाकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून ६००, ८००, १००० आणि १५०० असे चढत गेले. पेपर सपाट काचेच्या तुकड्यावर चिकटवला आणि त्यावर सॅडल फिरवला, कारण बोटाने दाबून घासले की कडा गोल होतात. पहिला सॅडल मी बोटानेच घासला होता आणि आता तो उरलेल्या पाचांत उठून दिसतो: त्याच्या वरच्या कडेला साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा उतार आला आहे. तो सहाव्या तारेला लावणार, तिथे हाताखाली झाकला जाईल.

तार जिथून वर येते त्या खाचेत पेपर जात नाही. त्यासाठी जुन्या जाड तारेच्या तुकड्याभोवती ८०० नंबरच्या पेपरची पट्टी गुंडाळून ती खाचेतून पुढेमागे ओढली. तिसऱ्या तारेच्या खाचेत एक बारीक धारदार कंगोरा लागला. मामाची तिसरी तार सारखी तुटत असे असे आई सांगते, त्याचे मूळ कदाचित इथेच असेल.

खड्डे मात्र आहेत. ब्रिजच्या पट्टीवर तळव्याच्या जागी पाच-सहा खड्डे इतके खोल आहेत की ते पूर्ण घालवायचे तर पट्टी तिथे कागदासारखी पातळ करावी लागेल. कुठे थांबायचे हे आज ठरवता आले नाही.

रात्री मामाचा फोन आला. किती चकाकी आणू, असे विचारले. तो म्हणाला, “गो, माका नवीन नको, होती तशीच व्हयी.” होती तशी म्हणजे १९९४ सालची की २०२४ सालची, हे त्याने सांगितले नाही.

६ जुलै

भोसरीला एका प्लेटिंगच्या कारखान्यात गेले. बहुतेक काम मोटारींच्या सुट्या भागांचे आहे, मूठभर सॅडल पाहून आधी ते लोक हसले, पण तिथल्या वयस्कर कारागिराने एक सॅडल उचलून उजेडात तिरका धरला, अंगठ्याचे नख त्यावरून फिरवले आणि मला म्हणाला, “ताई, खड्डा भरला जाईल असं मनात असेल तर ते सोडून द्या. निकेल खड्डा भरत नाही, दाखवतं.”

हे ऐकून घरी येऊन हिशेब मांडला. शोभेच्या क्रोमचा थर साधारण पाव मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, म्हणजे तो जवळजवळ नुसता रंगच. गंजापासूनचे खरे संरक्षण आणि खरी चमक त्याच्याखालच्या निकेलची असते, आणि निकेलही बहुधा पाच ते पंचवीस मायक्रॉनच्या दरम्यानच. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. पट्टीवरचे नखाला सहज लागणारे खड्डे निकेलच्या थराहून खोल आहेत, तेव्हा ते भरले जाण्याचा प्रश्नच येत नाही. आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागात खड्ड्याची कड उलट अधिक ठळक दिसते.

त्यांच्या निकेलच्या टाकीत वापरतात ते द्रावण मुळात ऑलिव्हर वॉट्स यांच्या १९१६ सालच्या कृतीचे: निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिड, पन्नास-साठ अंश सेल्सिअसला तापवलेले. एका चौरस डेसिमीटरला तीन अँपिअर वीज वीस मिनिटे दिली की सुमारे बारा मायक्रॉनचा थर बसतो. जस्ताचा ठोकळा दाखवल्यावर त्यांनी मान हलवली. जस्त थेट आम्लधर्मी टाकीत टाकले तर वर थर चढण्याआधी खालचे जस्तच विरघळू लागते, म्हणून त्यावर आधी सायनाइडच्या द्रावणातून तांब्याचा पातळ थर द्यावा लागतो, आणि एका ठोकळ्यासाठी ते तो उद्योग करणार नाहीत. मलाही तो नको होता. ठोकळा गिटारच्या पोटात असतो.

क्रोम की फक्त निकेल, हा निर्णय माझा होता. गिटारवर मुळात क्रोम होते. पण क्रोमची निळसर थंड चमक आणि रंगाचा तीस वर्षांत पिवळसर पडलेला पांढरेपणा एकमेकांशेजारी मला खटकतात. निकेल किंचित उबदार दिसते आणि हाताळणीने मंद पडत जाते. गिब्सन कंपनीच्या गिटारींवरही १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत निकेलच असे, मग क्रोम आले. फक्त निकेल सांगून आले.

हे काम घरी करावे असा मोह आधी झाला होता, कारण व्हिनेगर, निकेलचा तुकडा आणि मोबाइलचा जुना चार्जर एवढ्यावर ते होते असे दाखवणारे पुष्कळ लोक आहेत. थर बसतोही. पण निकेलचे क्षार त्वचेला आणि फुप्फुसांना घातक आहेत, उरलेले हिरवे पाणी मोरीतून शेवटी मुठा नदीत जाणार, आणि निकेलऐवजी स्टेनलेस स्टीलचा चमचा लटकवणाऱ्याच्या भांड्यात तर कर्करोगकारक क्रोमियम तयार होऊ शकते. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत हे करण्याजोगे नाही.

२० जुलै

भाग परत आले. सहापैकी पाच सॅडल मनासारखे झाले आहेत. सहाव्याच्या खाचेजवळ तांदळाच्या कणीएवढा फुगा आलेला आहे आणि टाचणीने हलकेच दाबल्यावर तो टरफलासारखा उचलला गेला. दोष प्लेटिंगचा नाही. देण्यापूर्वी बफ मारताना बफिंगचा साबण त्या अरुंद खाचेत शिरला होता आणि मी तो नीट काढला नव्हता. मेणचट जागेवर निकेल बसले, पण धरले नाही. हा माझ्या गोल कडांचाच सॅडल निघाला, हे बरे झाले.

ब्रिजची पट्टी मी शेवटी खड्ड्यांसकट दिली होती, कडेचे कंगोरे तेवढे घासून. त्या पाच-सहा खड्ड्यांत आता निकेल आहे आणि उजेड तिरका पडला की ते देवीच्या व्रणांसारखे दिसतात. पाहत राहावेसे वाटते, इतपत मला ते आवडले आहेत.

मुलाम्याने आटे अरुंद झाले आहेत. नेहमीच्या ६० अंशांच्या आट्यांवर जेवढा जाड थर बसतो त्याच्या चौपट फरक आट्याच्या व्यासात पडतो. बारा मायक्रॉनचा थर म्हणजे जवळपास पन्नास मायक्रॉन, आणि तीन मिलिमीटरच्या स्क्रूला तेवढे अडायला पुरेसे असते. भोकांच्या तोंडाशीच थर जास्त बसलेला होता. तीन मिलिमीटरचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) हाताने हलकेच फिरवून आटे मोकळे केले. जुने स्क्रू पुन्हा लावणार नाही; बोहरी आळीतून स्टेनलेसचे बारा नवे आणले.

खर्च नोंदवून ठेवते. प्लेटिंगचे किमान शुल्क, पेपर, टॅप आणि स्क्रू मिळून झालेल्या पैशांत या मापाचा अख्खा नवा ब्रिज मिळाला असता. इथे दोन तारांमधले अंतर १०.५ मिलिमीटर आहे आणि त्या मापाचे ब्रिज बाजारात सहज मिळतात.

२७ जुलै

खुंट्या आणि ठोकळा. ठोकळ्यावरची पांढरी भुकटी साबणाचे पाणी आणि मऊ पितळी ब्रश यांनी काढली, वाळवून मेणाचा हात दिला. खुंट्यांची घरे बंद प्रकारची आहेत, उघडून आतले दंतचक्र धुता येत नाही. बाहेरून रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि शाफ्टच्या मुळाशी तेलाचा एकेक थेंब सोडला. दोन घरांवर मुलाम्याला फोड आहेत. त्यांना हात लावला नाही.

३ ऑगस्ट

आजची चूक सविस्तर लिहिते. निकेल लवकर मंद पडू नये म्हणून ब्रिजची पट्टी आणि सॅडल यांच्यावर, आणि त्यांच्याबरोबर ठोकळ्यावरही, गेल्या आठवड्यात पारदर्शक लॅकरचा पातळ फवारा मारला होता, वरून आणि खालूनही. आज सगळे जोडले, तारा चढवल्या, ॲम्प्लिफायर लावला आणि घुमणारा घर्र आवाज सुरू झाला. एरवी अशा गिटारच्या तारांना हात लावला की तो आवाज खाली जातो. इथे हात ठेवा नाहीतर उचला, काही फरक नव्हता.

पहिला संशय जॅकवर गेला, दुसरा मागच्या पोकळीतल्या अर्थच्या डाखावर. दोन्ही ठीक होते. मग मल्टिमीटरचे एक टोक जॅकच्या बाहेरच्या कड्यावर आणि दुसरे पहिल्या तारेवर ठेवले तेव्हा मार्ग पूर्ण तुटलेला दाखवला. तारांचा अर्थ पोकळीतल्या पकडीपासून स्प्रिंगा आणि ठोकळा अशा साखळीने ठोकळ्यात अडकलेल्या तारेपर्यंत पोहोचतो, म्हणून एकेक कडी मागे मोजत आले. स्प्रिंगांपर्यंत सगळे जोडलेले होते. ठोकळ्यापासून पुढे काहीच नाही. लॅकर हा उत्तम विद्युतरोधक आहे आणि मी तो नेमका जिथे धातूने धातूला शिवायचे त्या प्रत्येक जागी फवारला होता.

सगळे पुन्हा सोडवले. थिनरच्या बोळ्याने लॅकर पूर्ण उतरवले, फक्त टेकण्याच्या जागांपुरते नव्हे. अर्धवट लॅकर कडेने उचकटून त्याखाली ओल धरून ठेवते. परत जोडल्यावर मीटरवर ०.४ ओहम आले आणि तारांना हात लावताच आवाज बसला. निकेलवर आता फक्त मेण.

१० ऑगस्ट

नव्या तारा, पहिली दहा आणि सहावी सेहेचाळीस हजारांश इंचाची. सॅडलच्या उंच्या १५ जूनच्या नोंदीप्रमाणे लावल्या आणि ब्रिजची मागची कड लाकडापासून तीन मिलिमीटर उचललेली राहील इतपत स्प्रिंगांचा ताण जुळवला. तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर धरून मानेवरच्या बाराव्या पट्टीवर (फ्रेटवर) दाबून काढलेला स्वर आणि तिथेच नुसत्या स्पर्शाने काढलेला हार्मोनिक ट्यूनरवर ताडून पाहिले. तिसरी तार तीन वेळा मागेपुढे करावी लागली. ट्रेमोलोची दांडी दाबून सोडल्यावर तारा पूर्वीपेक्षा स्वरात परत येतात. त्याचे श्रेय निकेलला नाही, ते खाचांमधल्या कंगोऱ्यांच्या घासकामाला आहे.

३१ ऑगस्ट

तीन आठवडे रोज अर्धा तास वाजवून, वाजवल्यावर पुसून पाहिले. पट्टीवरची आरशासारखी चमक तळव्याखाली किंचित दुधाळ झाली आहे. फुगा आलेल्या सॅडलच्या खाचेत आज मोहरीएवढा तपकिरी ठिपका दिसला. सहावी तार सैल करून काडीच्या टोकाने तिथे तेल सोडले, पुसले, पुन्हा स्वरात लावली. तो सॅडल बदलायचा नाही असे ठरवले आहे. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि एक सुती फडके ठेवले. मामा गणपतीच्या आधी न्यायला येतो आहे.